झेरॉक्सच्या गाळ्यातील हवा, आणि त्याआधी बाथरूममधला गॅस गिझर

ताई, आपला प्रश्न मुख्यतः दुकानातील यंत्रांविषयी आहे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये न्यायालयाजवळच्या आपल्या दहा बाय चौदा फुटांच्या गाळ्यात एक मोठे झेरॉक्स यंत्र, दोन लेझर प्रिंटर आणि तीन माणसे दिवसभर असतात. गेल्या उन्हाळ्यात कूलर काढून दीड टनी एसी बसवला, समोर काचेचे दार लावले, आणि तेव्हापासून दुपारी चारच्या सुमारास डोके जड होते, डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो. रविवारी मात्र काहीच त्रास नसतो. टोनर विषारी असतो का, त्याने कर्करोग होतो का, आणि विक्रेत्याने सुचवलेले, 'पाऊस पडून गेल्यावर येतो तसा वास' देणारे आयनायझर (हवेला विद्युतभार देऊन ती शुद्ध करते म्हणून विकले जाणारे यंत्र) घ्यावे का, असे आपण विचारले आहे. या सर्वांची उत्तरे पुढे देतो. परंतु पत्राच्या शेवटी आपण जाता जाता लिहिले आहे की घरी बाथरूममध्ये गॅस गिझर आहे आणि थंडीत वारा येऊ नये म्हणून तेथील खिडकीला पुठ्ठा लावून ठेवता. गेली बावीस वर्षे मी कार्यालये, छापखाने आणि घरे यांतील हवा मोजण्याचे काम करत आलो आहे, आणि आपल्या संपूर्ण पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती याच एका वाक्याची. म्हणून सुरुवात तेथून करतो.

गॅस गिझरमध्ये एलपीजी जळतो आणि जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तो बाथरूममधल्याच हवेतून घेतो. फ्लॅटमधली बाथरूम फार तर पाच बाय सात फुटांची. दार बंद, खिडकीला पुठ्ठा आणि आत वाफ कोंडलेली. अशा जागेत थोड्याच वेळात प्राणवायू कमी पडू लागतो, ज्योत अपुरी जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. त्यामुळे 'वास येत नाही, म्हणजे सर्व ठीक आहे' असा अनेकांचा समज असतो, आणि तोच घातक ठरतो, कारण तो वास न जळलेल्या गॅसचा असतो, जळून तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडचा नव्हे. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग पायांतले बळ जाते, आणि धोका लक्षात येईपर्यंत माणसाला उठून कडी काढण्याइतकी शक्ती उरलेली नसते.

उपाय असा आहे की गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या गॅलरीत किंवा हवा खेळत्या डक्टच्या बाजूला लावावा आणि फक्त गरम पाण्याचा नळ आत न्यावा. प्लंबरचे हे एका दिवसाचे काम आहे. ते होईपर्यंत खिडकीचा पुठ्ठा आजच काढावा, दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, आतली वाफ निघून जाऊ द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. मुलांना व वृद्धांना आतून कडी लावू देऊ नये. ज्योत निळी असली पाहिजे. ती पिवळी दिसू लागली तर गिझर वापरणे थांबवून मिस्त्रीला बोलवावे. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी: बाथरूममध्ये कोणी कोसळले तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, १०८ क्रमांकावर फोन करावा आणि डॉक्टरांना 'गॅस गिझर चालू होता' हे शब्द आवर्जून सांगावेत. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू असलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. रुग्ण गंभीर असतानाही तो ९८ दाखवू शकतो, आणि त्या आकड्यावर विसंबून घरचे लोक वेळ दवडतात.

आता गाळ्याकडे येतो. आपल्या वर्णनातील सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे रविवारी बरे वाटते ही. ज्या त्रासाला सुट्टी कळते, त्याचे मूळ बहुधा कामाच्या जागेत असते. दुसरी माहिती म्हणजे तो त्रास एसी आणि काचेचे दार आल्यापासून सुरू झाला. यंत्रे तर त्याआधीही तीच होती.

आपला गाळा दहा फूट उंच धरला तर त्यात साधारण ४० घनमीटर हवा मावते. शांत बसून काम करणारा माणूस तासाला सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, म्हणजे तीन माणसे ६० लिटर. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण आज सुमारे ४२० ते ४३० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तितके भाग, आहे. हवा अजिबात बदलली नाही तर आपल्या गाळ्यात ते दर तासाला १५०० पीपीएमने वाढेल. दार उघडझाप होते म्हणून प्रत्यक्षात ते इतके वाढत नाही. पण वकालतनाम्यांच्या आणि प्रतिज्ञापत्रांच्या गर्दीत चार-पाच पक्षकार आत उभे असतील तर १००० पीपीएमची रूढ मर्यादा सकाळीच ओलांडली जाते. एवढा कार्बन डायऑक्साइड विषारी नसतो. मात्र आतली हवा बाहेर जात नाही हे तो सांगतो, आणि जी हवा बाहेर जात नाही तिच्यात यंत्रांतून निघणारे सर्व काही साठत राहते.

येथे नागपूरच्या कूलरविषयी एक चांगला शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. वाळ्याच्या किंवा वूड वूलच्या ताट्यांमधून कूलर बाहेरची हवा ओढतो आणि खोलीत ढकलतो. समोरची खिडकी उघडी ठेवली नाही तर तो नीट गारवाच देत नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. म्हणजे कूलर हे मुळात वायुवीजनाचे यंत्र आहे आणि खोलीतली सगळी हवा तो तासाभरात अनेकदा बदलतो. स्प्लिट एसी तीच हवा थंड करून पुन्हा पुन्हा फिरवतो, बाहेरची हवा आत घेत नाही. तेव्हा गेल्या उन्हाळ्यात आपल्याकडे जे बदलले ते तापमान नव्हे. हवेचा बाहेर जायचा रस्ता बंद झाला. कूलरचेही दोष आहेत. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी घासली नाही तर डेंग्यूचे डास तेथेच वाढतात, आणि पावसाळ्यात कूलर चालवला तर कागद ओलसर होऊन यंत्रात अडकतात व भिंतींना बुरशी येते. आपण पुन्हा कूलर लावावा असे मी म्हणत नाही. एसीने बंद केलेला रस्ता मात्र मोकळा करावा लागेल.

यंत्रांतून नेमके काय निघते ते सांगतो. टोनर म्हणजे बारीक प्लास्टिकची भुकटी; तिच्यात रंगासाठी कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी भुकटी, आणि काही प्रकारांत लोहाचे ऑक्साइड असते. एक कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). यंत्रातला तापलेला रोलर ही भुकटी सुमारे १८० ते २०० अंशांवर वितळवून कागदावर बसवतो. त्या उष्णतेने टोनर, कागद आणि रोलर यांतील काही पदार्थांची वाफ होते, ती बाहेर येताच थंड होऊन तिचे ०.१ मायक्रॉनहूनही लहान कण बनतात. आपल्याला ज्याची भीती वाटते ती काळी भुकटी बंद यंत्रातून फारशी बाहेर पडत नाही; बाहेर पडतात ते हे अतिसूक्ष्म कण. मागे सीताबर्डीवरच्या एका टायपिंगच्या दुकानात मी असे कण मोजणारे यंत्र प्रिंटरच्या मागच्या झडपेपासून वीतभर अंतरावर धरले होते. सकाळचा पहिला कागद बाहेर येताच त्यावरचा आकडा धावू लागला आणि कितीतरी पटींनी वाढला. शेजारीच ठेवलेला पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांचे वजन सांगणारा, साधा मीटर मात्र जागचा हलला नाही. या कणांना वजन जवळजवळ नसतेच, आणि साधे मीटर ०.३ मायक्रॉनहून लहान कण पाहूच शकत नाहीत. म्हणून त्या मीटरवर हिरवा दिवा दिसतो एवढ्यावरून प्रिंटर निर्दोष ठरत नाही.

सर्व प्रिंटर सारखे नसतात, हेही लक्षात घ्यावे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात लिडिया मोराव्स्का यांच्या गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६२ लेझर प्रिंटर तपासले गेले. त्यांतील १७ प्रिंटर जास्त कण सोडणारे निघाले, तर निम्म्याहून अधिक प्रिंटरांमुळे खोलीतील हवेत फरकही पडला नाही. आपल्या दोन प्रिंटरांपैकी एखादाच दोषी असणे शक्य आहे. झिजलेला रोलर आणि पुन्हा पुन्हा भरलेले, गळके कार्ट्रिज यांची आधी तपासणी करून घ्यावी.

कर्करोगाविषयी आपण थेट विचारले आहे, म्हणून थेट लिहितो. कार्बन ब्लॅकला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने '२ ख' गटात, म्हणजे माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवले आहे. ते वर्गीकरण मुख्यतः प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना दिलेल्या भरपूर धुळीवर आधारलेले आहे. झेरॉक्सच्या दुकानात बसल्याने कर्करोग होतोच, असे म्हणण्याला आधार नाही. डोळे, घसा आणि दमेकऱ्यांची छाती यांना होणारा त्रास मात्र खरा आहे, आणि तो कमी करता येतो.

मोठ्या यंत्राबाबत ओझोनचा मुद्दा उरतो. जुन्या झेरॉक्स यंत्रांत ड्रमवर विद्युतभार देण्यासाठी काही हजार व्होल्टची बारीक तार असते आणि तिच्याभोवती हवेतल्या प्राणवायूचा ओझोन बनतो. नव्या बनावटीच्या अनेक यंत्रांत तारेऐवजी रोलर असतो आणि ओझोन पुष्कळ कमी निघतो. आपले यंत्र जुने किंवा सेकंडहँड असेल तर त्याच्या मागच्या बाजूला ओझोन शोषणारा फिल्टर असायला हवा. सर्व्हिसिंगला येणाऱ्या माणसाला तो काढून दाखवायला सांगावे. तो वर्षानुवर्षे बदललेला नाही, किंवा तेथे मुळात नाहीच, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. वीज कडाडल्यावर येणारा तीव्र, काहीसा धातूसारखा वास हा ओझोनचा असतो. नाकाला त्याची सवय फार लवकर होते, म्हणून आपल्याला तो येत नसला तरी सकाळी दुकानात पाऊल टाकणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला 'काही वास येतो का' असे अवश्य विचारावे. भारताच्या २००९ च्या हवा-मानकांत बाहेरच्या हवेतील ओझोनची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. बंद गाळ्यात, जुन्या यंत्राशेजारी ही मर्यादा गाठली जाणे अवघड नाही.

यावरून आयनायझरचे उत्तर आपल्या लक्षात आलेच असेल. पावसानंतरच्या वासाची जाहिरात करणारी बरीच यंत्रे तो वास ओझोननेच निर्माण करतात. ज्या गाळ्यात आधीच ओझोन साठतो आहे, तेथे आणखी ओझोन सोडणारे यंत्र पैसे देऊन आणू नये. आपल्या नागपुरात तर याला आणखी एक बाजू आहे. संत्र्याच्या सालीला नखाने टोचल्यावर जो वास येतो तो लिमोनिन नावाच्या तेलकट पदार्थाचा. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या वासाची फिनाइले, रूम फ्रेशनर आणि टेबल पुसण्याचे फवारे यांत तेच असते. संत्रे सोलून खाण्यात काही अपाय नाही. परंतु बंद खोलीत लिमोनिन आणि ओझोन एकत्र आले की त्यांच्यात अभिक्रिया होऊन फॉर्मॅल्डिहाइड आणि नवे अतिसूक्ष्म कण तयार होतात. डोळे चुरचुरण्याचे कारण शोधताना मी म्हणून नेहमी विचारतो की फरशी कशाने पुसता. काही महिने साधे पाणी किंवा बिनवासाचा साबण वापरून पाहावा.

आता मुख्य उपाय: एक्झॉस्ट फॅन. कार्यालयांसाठी माणशी ताशी साधारण ३० घनमीटर बाहेरची हवा हा व्यवहारात चालणारा हिशेब आहे. चार माणसे धरली तर १२० घनमीटर. सहा इंची एक्झॉस्ट फॅन एवढे काम करतो. पण डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी व धूळ यांमुळे तो घटतो, म्हणून दुप्पट आकड्याचा फॅन घ्यावा. तो यंत्रांच्या बाजूच्या भिंतीवर, त्यांच्या डोक्यावर असावा, आणि हवा आत येण्याची फट फॅनच्या विरुद्ध बाजूला, माणसे बसतात तेथे असावी. म्हणजे ताजी हवा आधी माणसांकडून जाईल, मग यंत्रांकडून, आणि मग बाहेर. हा क्रम उलटा झाला तर फॅन चालूनही डोकेदुखी तशीच राहते. सुरुवातीच्या काळात एका कार्यालयात मी स्वतः ही चूक केली होती. फॅन दाराच्या वर बसवला, ताजी हवा दारातून येऊन तेथूनच बाहेर जात राहिली, आणि कोपऱ्यातल्या प्रिंटरशेजारी बसणाऱ्या मुलीचा त्रास तीन महिने तसाच राहिला. तेव्हापासून मी टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी जवळ बाळगतो. फॅन चालू करून ती पट्टी हवा आत येण्याच्या फटीशी धरावी. ती आतल्या बाजूला वळली तर हवा आत येते आहे. ती लोंबकळत राहिली तर फट अपुरी आहे, आणि फॅन नुसता फिरतो आहे.

'४५ अंशांच्या मे महिन्यात बाहेरची हवा आत घेतली तर एसी काय करणार?' हा प्रश्न प्रत्येक दुकानदार विचारतो आणि तो रास्त आहे. ताशी १२० घनमीटर हवा ४५ वरून २७ अंशांवर आणायला सुमारे ०.६६ किलोवॉट, म्हणजे जवळजवळ ०.१९ टन इतकी थंडावण्याची क्षमता खर्च होते. आपल्या दीड टनी एसीचा तो सुमारे आठवा भाग झाला. मे महिन्यातली आपली हवा कोरडी असते, त्यामुळे बाष्पाचा बोजा त्यात फारसा मिळत नाही. हा खर्च परवडणारा आहे.

दुसरा आक्षेप असा की बाहेरची हवा तरी कुठे शुद्ध आहे. नागपूर २०१९ पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांच्या यादीत आहे. रस्त्यांची धूळ आहे, कोराडी आणि खापरखेड्याची कोळशावरची वीजकेंद्रे आहेत, आणि थंडीत सकाळी धूर जमिनीलगत साठतो. त्यामुळे शक्य असेल तर हवा रस्त्याच्या बाजूने न घेता मागच्या बाजूने घ्यावी (मग यंत्रे आणि फॅन तिच्या विरुद्ध बाजूला असावेत), आणि शेजाऱ्याचा डिझेल जनरेटर जेथे धूर सोडतो तेथून तर कधीच घेऊ नये. धुळीसाठी हेपा फिल्टरचा प्युरिफायर घ्यायचा असेल तर हरकत नाही; मात्र त्यात आयनायझर नसावा किंवा तो बंद करता यावा. आपल्या ४० घनमीटरच्या गाळ्यात तासाला पाच वेळा हवा गाळली जाण्यासाठी ताशी २०० घनमीटर क्षमता लागेल. हेपा फिल्टर धूळ पकडतो. कार्बन डायऑक्साइड तो कमी करत नाही, आणि सक्रिय कोळशाचा जाड थर नसेल तर ओझोन व वासही नाही. म्हणून फॅन आधी.

टोनर सांडला तर कोरड्या झाडूने झाडू नये आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नये, कारण त्याच्या पिशवीतून ती भुकटी पुन्हा हवेत येते. थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने ती टिपून घ्यावी. गरम पाण्याने टोनर मऊ होऊन चिकटतो.

देव्हाऱ्याविषयी आपण काही लिहिले नाही, तरी दुकानात सकाळी उदबत्ती लागत असणार असे धरून चालतो. दिवा आत लावावा आणि उदबत्ती उंबऱ्याबाहेर, किंवा काचेचे दार पूर्ण उघडे असताना लावावी. डासांची कॉइल बंद जागेत अजिबात नको. एक कॉइल पूर्ण जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. जाळी लावणे हाच बरा उपाय. इन्व्हर्टरची बॅटरी काउंटरखाली बंद कप्प्यात असेल तर तिला मोकळ्या जागी हलवावे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होत आहे असे समजून तिचा पुरवठा तोडावा आणि माणूस बोलवावा.

मीटर घ्यायचा झाला तर कार्बन डायऑक्साइडचा घ्यावा, आणि विकत घेताना त्यात 'एनडीआयआर' प्रकारचा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणारा, सेन्सर आहे याची खात्री करावी. स्वस्त मीटर हा वायू मोजत नाहीत. हवेतल्या इतर बाष्पांवरून ते अंदाज करतात. दुकानातच त्याच्याजवळ सॅनिटायझरचा एक थेंब हातावर चोळून पाहावा. आकडा एकदम चढला तर तो मीटर परत द्यावा.

फॅन बसवण्यापूर्वी दहा दिवसांची एक वही ठेवावी. तारीख, किती प्रती काढल्या, दार उघडे होते की बंद, फरशी कशाने पुसली आणि डोके किती वाजता जड झाले, एवढेच लिहायचे. मधल्या एका दिवशी यंत्रे नेहमीसारखी चालवून दार पूर्ण उघडे ठेवावे, आणि एका दिवशी दार बंद ठेवून मोठे यंत्र बंद ठेवावे व झेरॉक्सचे काम शेजारी द्यावे. उघड्या दाराच्या दिवशी बरे वाटले तर फॅनने काम होईल. मोठे यंत्र बंद असलेल्या दिवशीच बरे वाटले तर आधी त्याचा ओझोन फिल्टर बदलावा. आणि दोन्ही दिवशी चार वाजता डोके तसेच दुखले तर कारण हवेत नसण्याचाही संभव आहे. तेव्हा चष्म्याचा नंबर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, आणि दिवसभरात पाणी किती पिता तेही त्याच वहीत लिहावे.